बाळ झोपलंय की वायफाय?

पाळण्यावरच्या कॅमेऱ्यातून काहीच आवाज येत नसेल, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. बाळ गाढ झोपलं आहे, किंवा कॅमेरा आणि मोबाइल यांच्यामध्ये कुठेतरी संपर्क तुटला आहे. शांतता दोन्ही वेळी सारखीच. सिनेमा अडकला की घरातले सगळे एकदम ओरडतात; बाळावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचं मात्र कामच बहुतेक वेळ गप्प राहायचं असल्यामुळे ते बंद पडलेलं चटकन लक्षात येत नाही. म्हणून या यंत्रासाठी घरातलं वायफाय नीट करायचं, तर 'स्पीड किती येतो' हा नेहमीचा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. संपर्क किती वेळा तुटतो आणि तुटला तर आपल्याला कळतं का, हे दोन प्रश्न विचारायचे.

ही अडचण वायफायपेक्षा बरीच जुनी आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या वीस महिन्यांच्या मुलाचं घरातून अपहरण झालं आणि तिथल्या आईबापांनी त्याची धास्तीच घेतली. झेनिथ या रेडिओ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड यांनाही आपल्या लहान मुलीची काळजी होतीच. १९३७ मध्ये त्यांच्या कंपनीने 'रेडिओ नर्स' आणला. बाळाच्या खोलीतला 'गार्डियन इअर' नावाचा डबा आवाज टिपायचा आणि आईबापांच्या खोलीतला बॅकेलाइटचा स्पीकर तो ऐकवायचा. स्पीकरचं रूप शिल्पकार इसामू नोगुची यांनी घडवलं होतं. ते इतकं देखणं होतं, की आज तो अनेक संग्रहालयांत ठेवलेला दिसतो. दोन डब्यांमधला संदेश घरातल्या विजेच्या वायरींमधूनच जायचा, आणि त्यात बाळाच्या आवाजाबरोबर भलतीच रेडिओ प्रक्षेपणंही घुसायची. मॉनिटर उत्तम, पण संदेशाची वाट बेभरवशाची, ही कथा तेव्हापासूनची.

आजची वाट तर अजून लांब आहे. बेडरूममधल्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र हवेतून हॉलमधल्या राउटरकडे जातं. तिथून फायबरच्या तारेने ते घराबाहेर पडतं, कंपनीच्या सर्व्हरवर पोचतं आणि तिथून परत फिरून, त्याच फायबरने, त्याच राउटरमधून, स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आईच्या मोबाइलवर येतं. मधलं अंतर पंधरा पावलांचं, पण चित्र बाहेरगावी जाऊन येतं. सगळेच कॅमेरे असे नसतात. काही कॅमेरे मोबाइल त्याच वायफायवर आहे हे ओळखून घरातल्या घरात थेट चित्र देतात. आपला कॅमेरा कोणत्या जातीचा आहे, हे तपासायला राउटरमागची इंटरनेटची तार काढायची, राउटर चालूच ठेवायचा आणि मोबाइलचा डेटा बंद करायचा. तरीही चित्र येत राहिलं, तर तुमच्या घरासाठी अर्धी लढाई जिंकली. कारण मग नेट गेलं तरी शेजारच्या खोलीतून बाळ दिसणार. चित्र थांबलं, तर बाहेरची प्रत्येक गडबड तुमच्या पाळण्यापर्यंत येणार हे धरून चालायचं.

वायफायला हात लावण्याआधी मात्र एक गोष्ट बघा. ती इतकी साधी आहे, की नेटवाल्याला दहा फोन झाल्यावरच ती कुणाला तरी सुचते. कॅमेऱ्याची वीज.

नेहमीची तक्रार अशी असते: कॅमेरा दिवसभर छान चालतो, रात्री बंद पडतो. दोष अर्थात वायफायवर जातो. आता कॅमेरा हातात घेऊन नीट पाहू. त्याला ५ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो. सोबत आलेली केबल आखूड असते, पलंगाशेजारचा प्लग लांब असतो, म्हणून बाजारातून तीन मीटरची स्वस्त यूएसबी केबल आणलेली असते. तिच्यातली तांब्याची तार केसासारखी बारीक. दिवसा कॅमेरा थोडाच प्रवाह ओढतो, त्यामुळे निभावतं. अंधार पडला की लेन्सभोवतीचे अवरक्त किरणांचे छोटे एलईडी पेटतात. ते आपल्याला दिसत नाहीत, पण रात्रीचं ते करडं चित्र त्यांच्याच उजेडात टिपलेलं असतं. आता प्रवाह वाढतो. अशा बारीक तारेतून अर्धा अँपिअर प्रवाह गेला, तर ५ व्होल्टमधला अर्ध्याहून अधिक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. कॅमेऱ्याचा प्रोसेसर गडबडतो, स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतो, पुन्हा एलईडी पेटवतो आणि पुन्हा गडबडतो. ॲपवर दिसतं फक्त 'डिव्हाइस ऑफलाइन'. मूळची केबल आणि मूळचा ॲडॉप्टर लावून एक रात्र काढली, की या संशयिताचा निकाल लागतो. लांबी हवीच असेल, तर भिंतीवर पक्का बसवलेला एक्स्टेंशन बोर्ड चालेल. यूएसबीची तार लांबवू नका.

तारेचाच विषय निघाला आहे, तर नेटशी संबंध नसलेली पण सर्वात महत्त्वाची गोष्ट इथेच सांगतो. कॅमेरा आणि त्याची तार पाळण्यापासून किमान ३ फूट लांब हवी. रांगायला, उभं राहायला लागलेलं मूल हाताला येईल ते ओढतं आणि तार गळ्याभोवती आवळली जाऊ शकते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मॉनिटरच्या तारांबद्दल हा इशारा दिलेला आहे आणि तो दुर्घटना घडल्यावर दिलेला आहे. चांगली रेंज मिळते म्हणून कॅमेरा पाळण्याच्या दांडीला अडकवणं हा उपाय नव्हेच.

वीज ठीक निघाली, तर आता संपर्क कुठे तुटतो ते शोधायचं. यासाठी 'पिंग' नावाची जुनी युक्ती पुरेशी आहे. लॅपटॉपवरून किंवा मोबाइलवरच्या फुकट ॲपमधून एखाद्या पत्त्यावर दर सेकंदाला एक छोटी हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते बघायचं. पहिली हाक राउटरला. त्याचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरी कॅमेऱ्याला, त्याचा पत्ता राउटरच्या ॲपमधल्या यादीत मिळतो. तिसरी बाहेरच्या जगाला, उदाहरणार्थ ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर. मोबाइल राउटरजवळ ठेवून तिन्हीकडे हाका मारत राहायचं आणि चित्र अडकेल त्या क्षणी पाहायचं, की ओ कुणाची आली नाही. राउटर बोलतो, कॅमेरा बोलतो, ८.८.८.८ गप्प, म्हणजे बिघाड घराबाहेर; फायबरवाल्याला बोलवा. राउटर बोलतो पण कॅमेऱ्याची ओ कधी पाच मिलिसेकंदांत, कधी दोन सेकंदांनी, कधी येतच नाही, म्हणजे बिघाड घरातल्या हवेत आहे. एवढं कळलं तरी प्लॅन वाढवायचा मोह टळतो. 'शंभरऐवजी तीनशे एमबीपीएस घ्या' हा सल्ला विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. कॅमेऱ्याला चांगलं चित्र पाठवायला साधारण एक-दोन एमबीपीएस पुरतात. ते त्याला शंभरमध्ये मिळत नसतील, तर तीनशेमध्येही मिळणार नाहीत, कारण अडचण तारेत नाही, भिंतीत आहे.

पुण्या-ठाण्याकडच्या टॉवरमधला दोन बीएचके फ्लॅट घ्या. फायबर डक्टमधून येतं आणि दाराशी थांबतं. बसवायला आलेल्या माणसाला दिवसात अजून चार घरं करायची असतात. तो चपलांच्या कपाटावर, किंवा त्याच्या आतच, राउटर ठेवतो आणि जातो. घर सुंदर दिसावं म्हणून नंतर तो टीव्ही युनिटच्या मागे ढकलला जातो. बाळाची खोली बहुधा फ्लॅटच्या दुसऱ्या टोकाला, कारण दाराकडची वर्दळ नको. आता राउटरपासून पाळण्यापर्यंत एक सरळ दोरी ताणली आहे असं धरा आणि ती कशाकशातून जाते ते मोजा. टीव्हीची मागची धातूची पाटी. एक विटांची भिंत. लोखंडी गजांनी भरलेला आरसीसीचा कॉलम. स्वयंपाकघरातला फ्रिज. मग बेडरूममधलं गोदरेजचं कपाट आणि त्यावर जडवलेला आरसा. आरशाच्या मागेही धातूचा थर असतोच. भिंती संदेश शोषतात, धातू तो परतवून लावतो. त्या दोरीच्या वाटेत पोलादी कपाट येत असेल, तर नवा राउटर आणण्याआधी कपाट सरकवून बघा. कपाट सरकवायला पैसे पडत नाहीत. फक्त दोन माणसं लागतात.

संदेशाची ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि आकडे उणे असतात. राउटरच्या अगदी शेजारी उणे ३०, पलीकडच्या खोलीत उणे ६०, कोपऱ्यात उणे ८०. हे माप साधं नाही: १० ने खाली गेलं की ताकद एक-दशांश होते, म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांत हजार पटींचा फरक आहे. सतत चालणाऱ्या चित्रासाठी उणे ६७ च्या आत राहावं, असा या क्षेत्रातल्या लोकांचा ढोबळ नियम आहे. अँड्रॉइड मोबाइलवर 'वायफाय ॲनालायझर' प्रकारची ॲप हा आकडा दाखवतात. मात्र मोबाइलचा आकडा हा मोबाइलचा. कॅमेऱ्यातला अँटेना छोटा आणि स्वस्तातला असतो. राउटर मोठ्याने बोलतो, कॅमेरा हळू आवाजात उत्तर देतो, आणि इथे महत्त्वाचं काय, तर कॅमेऱ्याचं बोलणं. म्हणून राउटरच्या ॲपमध्ये प्रत्येक यंत्राची ताकद दिसत असेल, तर तिथला कॅमेऱ्याचा आकडाच खरा मानावा.

संदेश क्षीण झाला की लगेच तुटत नाही, हीदेखील एक गंमत आहे. राउटर आणि कॅमेरा आधी वेग कमी करतात, सावकाश आणि स्पष्ट बोलतात. तरीही एखादा तुकडा पोचला नाही, तर तो परत पाठवतात. अशी परत पाठवणी वाढत गेली की चित्र मागे पडायला लागतं. ॲपमध्ये बाळ शांत झोपलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात ते उठून बसलेलं असतं. पूर्ण तुटलेल्या संपर्कापेक्षा हा उशिराने धावणारा संपर्क जास्त फसवा.

आता एक प्रयोग. कॅमेरा आहे त्याच जागी ठेवा, फक्त वीतभर डावीकडे सरकवा आणि आकडा पाहा. मग वीतभर वर. आकडा दहा-दहाने हलू शकतो. यामागे भिंती आहेत. राउटरचा संदेश एका सरळ रेषेत येत नाही. छत, फरशी, कपाट, ग्रिल यांवर आपटून दहा वाटांनी येतो. काही लहरी एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना मारतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते, म्हणून अर्ध्या लांबीच्या, म्हणजे सहा-सात सेंटिमीटरच्या अंतरावर मेलेल्या जागेशेजारी जिवंत जागा सापडते. या प्रतिध्वनींच्या गोंधळातून मूळ संदेश कसा वेगळा काढायचा, हा प्रश्न सोडवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे जॉन ओसलिव्हन आणि त्यांचे सहकारी होते. ओसलिव्हन मुळात रेडिओ खगोलशास्त्राचे. तरुणपणी ते फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांकडून येणारे रेडिओ संदेश शोधत होते. कृष्णविवरं काही सापडली नाहीत. पण तेव्हा हाताशी आलेलं गणित १९९० च्या दशकात घरांतल्या भिंतींसाठी कामी आलं आणि त्याच्या पेटंटवर सीएसआयआरओने पुढे कोट्यवधी डॉलर मिळवले. त्यांचं गणित राउटरच्या आत आहेच. वीतभर सरकवण्याचं काम मात्र आपल्याला करावं लागतं.

बहुतेक बेबी कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हे ऐकून नवं तंत्रज्ञान आवडणाऱ्यांना वाईट वाटतं, पण पाळण्यासाठी ते बरंच आहे. २.४ च्या लांब लहरी भिंतीतून जास्त चांगल्या जातात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण एका जाड भिंतीत दम तोडतं. अडचण वेगळीच आहे: २.४ चा पट्टा अरुंद आहे आणि सगळं गाव त्यात आहे. हा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला करण्याची सुरुवात अमेरिकेने १९८५ मध्ये केली. भारतात २००५ मध्ये परवान्याची अट निघाली, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा मोकळा व्हायला २०१८ उजाडलं. परवाना नाही म्हणजे मालक नाही, आणि मालक नाही म्हणजे तक्रार कुणाकडेही करता येत नाही. शेजाऱ्याचा राउटर, वरच्या मजल्यावरचा स्पीकर, ब्लूटूथचे हेडफोन, सगळ्यांना तुमच्याइतकाच हक्क. वायफायची रीत अशी, की बोलण्याआधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर थांबायचं आणि मग थोडा, मनाला येईल तितका, वेळ सोडून बोलायचं. संध्याकाळी आठ ते अकरा सोसायटीतल्या प्रत्येक घरात मालिका आणि क्रिकेट चालू असतं. त्या वेळी तुमचा कॅमेरा रांगेत उभा असतो. बाळंही नेमकी तेव्हाच झोपवायची असतात.

या पट्ट्यात १ ते १३ असे चॅनेल आहेत, पण एकेक चॅनेल शेजारच्या चॅनेलवर पसरलेला असतो. एकमेकांना न टेकणारे तीनच: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल 'ऑटो'वर असतो आणि बरेच राउटर तो सुरू होतानाच एकदा निवडतात. सकाळी दहाला निवडलेला चॅनेल रात्री नऊला गच्च भरलेला असू शकतो. म्हणून ॲनालायझर ॲप रात्री नऊला उघडा, १, ६ आणि ११ यांपैकी कुठे गर्दी कमी आहे ते बघा आणि तो हाताने बसवा. ३ किंवा ४ रिकामा दिसला म्हणून तिथे जाऊ नका. तिथे दोन्हीकडच्यांचा गोंगाट ऐकू येतो आणि ते मात्र तुमच्यासाठी थांबत नाहीत. त्याच पानावर 'चॅनेल विड्थ' असते, ती २.४ साठी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर कागदावरचा वेग वाढतो आणि गर्दीत भांडणंही वाढतात.

मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. दारातून थोडीशी गळती होते. माणसाला त्याचा त्रास नाही, पण वायफायच्या कुजबुजीपुढे ती आरोळी असते. राउटर आणि पाळणा यांच्या मधल्या रेषेत ओव्हन असेल, तर जेवण गरम करताना चित्र अडकणारच. (बाळाचं दूध त्यात गरम करू नये, हे डॉक्टर सांगतातच, ते असमान तापतं आणि मधेच चटका देणारं राहतं.) आणखी एक छुपा उपद्रवी म्हणजे राउटरच्या पाठीत खोचलेली यूएसबी ३.० हार्ड डिस्क. तिच्या तारेतून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून दाखवलं होतं. डिस्क काढून ठेवल्यावर 'आपोआप' सुधारलेलं वायफाय बऱ्याच घरांत सापडेल.

राउटर कपाटातून बाहेर काढून, छातीच्या उंचीवर, घराच्या मध्याकडे आणला आणि तरीही पाळण्यापाशी उणे ७५ च येत असेल, तर दुसरं यंत्र लागणार. इथे दुकानदार प्लगमध्ये खोचायचा रिपीटर पुढे करतो. तो बहुतेक वेळा ज्या खोलीत रेंज नाही त्याच खोलीत लावला जातो आणि मग अर्धवट ऐकलेलं अर्धवट पुढे सांगत राहतो. लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर लावा. तोच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेत बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. कॅमेऱ्याला ते चालून जातं. माझं मत विचाराल, तर या सगळ्यापेक्षा एक कॅट-६ तार बरी. फायबरवाल्याच्या जोडीला इलेक्ट्रिशियन बोलवायचा, छताच्या कडेने पट्टीतून तार बाळाच्या खोलीपर्यंत न्यायची आणि तिथे जुना राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून बसवायचा. अशी तार शंभर मीटरपर्यंत चालते, तिला भिंतीचं किंवा शेजाऱ्याच्या क्रिकेटचं सोयरसुतक नसतं. घर भाड्याचं असेल आणि मालक खिळाही मारू देत नसेल, तर मात्र मेश, म्हणजे हवेतूनच एकमेकांशी बोलून एकच जाळं चालवणाऱ्या राउटरांचा संच.

जोडणीच्या वेळचा एक घोळ थोडक्यात. नवे राउटर २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. मोबाइल ५ वर बसतो, कॅमेरा २.४ शोधतो आणि काही ॲप इथेच अडकतात. राउटरच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट' किंवा 'आयओटी' नावाने फक्त २.४ चं वेगळं जाळं काढा, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए २ ठेवा (जुन्या कॅमेऱ्यांना डब्ल्यूपीए ३ कळत नाही) आणि कॅमेरा तिथे जोडा. कॅमेरा वेगळ्या जाळ्यात राहिल्याने घरातला लॅपटॉप त्याच्यापासून थोडा दूर राहतो, हाही फायदाच. मात्र गेस्ट जाळ्यातून घरातल्या घरात थेट चित्र दिसणं काही राउटरवर बंद होतं. सुरुवातीला सांगितलेली तार काढायची चाचणी यानंतर पुन्हा करा.

पासवर्डबद्दल लांबण लावत नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. आपल्या बाळाच्या खोलीतला कॅमेरा अशा फौजेत नको असेल, तर कॅमेऱ्याच्या खात्याला वेगळा पासवर्ड आणि ओटीपीची दुहेरी चावी लावा, आणि अपडेट आलं की टाळू नका.

हवा साफ झाली, चित्र अखंड चालू लागलं, तरी एक दुवा उरतो आणि तो तुमच्या उशाशी असतो. बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइल रात्री ॲप झोपवतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून आहे, आणि काही कंपन्यांनी तिच्यावर स्वतःचे कडक नियम चढवले आहेत. कॅमेऱ्याने रडण्याचा इशारा पाठवला, सर्व्हरने पुढे ढकलला, वायफायने पोचवला आणि मोबाइलने तो सकाळी दाखवला! मॉनिटरच्या ॲपला 'बॅटरी ऑप्टिमायझेशन'मधून सूट द्या, 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये त्याला परवानगी द्या आणि दोन्ही मोबाइलवर द्या. बाबांच्या मोबाइलवर हे सेटिंग राहून जातं, असं निरीक्षण आहे. मुद्दाम राहतं, असा काही घरांत संशय आहे.

मग लाइट जाते. आपल्याकडे संपर्क तुटण्याचं हे सर्वात मोठं आणि सर्वात सोपं कारण. इन्व्हर्टर असेल, तर पंखे आणि दिवे त्यावर असतात आणि राउटरचा प्लग मात्र टीव्हीच्या बोर्डावर, म्हणजे इन्व्हर्टरच्या बाहेर. लाइट सेकंदभर गेली तरी फायबरची डबी आणि राउटर पुन्हा उठायला काही मिनिटं घेतात. त्या मिनिटांत काही कॅमेरे दोनचारदा प्रयत्न करतात आणि नाद सोडतात. मग त्यांना हाताने बंद-चालू करावं लागतं. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस यावर उत्तम उतारा आहे. घेण्याआधी राउटर आणि फायबरची डबी, दोघांच्याही ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. दोन्ही वेगळे असू शकतात. आणि कॅमेऱ्याचं काय? त्याच्यासाठी एखादी पॉवर बँक, पण चार्ज होता होता वीज देऊ शकणारी.

ठाण्या-डोंबिवलीतले आजी-आजोबा न्यू जर्सीतल्या नातवाचा पाळणा बघत असतात, तेव्हा वाट अर्थातच जगाच्या दोन टोकांएवढी होते. इथे एक वेगळा आकडा लागतो: बाळाच्या घरचा अपलोड. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये तो डाउनलोडइतकाच असतो. केबल किंवा मोबाइल टॉवरवरून मिळणाऱ्या नेटमध्ये तो बराच कमी. आजी सकाळच्या चहाला ॲप उघडते तेव्हा तिकडे रात्र सुरू झालेली असते, म्हणजे तिकडच्या शेजाऱ्यांच्या मालिका चालू. आजीला 'एचडी'ऐवजी 'एसडी' निवडायला शिकवा. चित्र थोडं धूसर दिसेल, पण अडकणार नाही. आणि आजी बघते आहे म्हणून आईने निर्धास्त व्हावं, अशी व्यवस्था कुणी करू नये. एवढ्या लांबच्या वाटेवर भरवसा ठेवायचा नसतो. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर २०२२ च्या आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगते, की घरगुती मॉनिटरांनी झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो असं मानू नये आणि निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागी, झोपवावं.

शेवटी यंत्र निवडण्याबद्दल, कारण वायफायवर किती कष्ट घ्यायचे हे त्यावर ठरतं. बाहेरगावाहून किंवा ऑफिसातून बघायचं असेल, तर वायफायवाला कॅमेरा हवाच. फक्त दोन खोल्यांचं अंतर राखायचं असेल, तर स्वतःचा छोटा पडदा असलेला, नेटशी काहीही संबंध नसलेला मॉनिटर घ्या. तोही बहुधा २.४ वरच बोलतो, पण सेकंदात अनेकदा जागा बदलत, गर्दीतून वाट काढत; राउटर, सर्व्हर, पासवर्ड असल्या भानगडी त्याला लागत नाहीत. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी घरी आणल्याच्या दिवशीच कॅमेऱ्याचा प्लग ओढून काढा, मोबाइल किंवा पडदा हातात धरा आणि घड्याळ लावा. मिनिटाभराच्या आत त्याने आरडाओरडा करून 'संपर्क तुटला' म्हणून सांगितलं पाहिजे. ॲपमध्ये हा इशारा बऱ्याचदा असतो, पण बंद ठेवलेला असतो. शोधून चालू करा. सांगत नसेल, शेवटचं चित्र तसंच गोठवून ठेवत असेल, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत यंत्र परत करा.